कोण कोणाकडे शिकलं : परिचर्येच्या इतिहासाची भिंत, प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

दरवर्षी १२ मे, म्हणजे परिचारिका दिन आला की आमच्या परिचर्या (नर्सिंग) महाविद्यालयात ठरलेला कार्यक्रम होतो. फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार, दीपप्रज्वलन, शपथ, दोन भाषणं, चहा. संध्याकाळी मुलींना विचारावं की या बाई स्वतः कुठे शिकल्या होत्या, तर उत्तर येत नाही. मी विद्यार्थिनी होते तेव्हा मलाही आलं नसतं. यंदा दुसऱ्या वर्षाचे चौदा विद्यार्थी (अकरा मुली, तीन मुलगे) हाताशी घेऊन एक भिंत करायची आहे. विषय एवढाच, की कोण कोणाकडे शिकलं. आपल्याकडे परिचर्येचं शिक्षण ज्यांनी उभं केलं त्या बहुतेक बाहेरून शिकून आलेल्या. त्यांनी येताना काय आणलं, त्यातलं इथे काय रुजलं, काय रुजलं नाही, आणि मेट्रनची, म्हणजे रुग्णालयातल्या परिचारिकांच्या प्रमुखाची, खुर्ची आपल्या बायकांपर्यंत पोहोचायला किती वर्षं गेली.

ग्रंथालयाबाहेरचा व्हरांडा मिळालाय. भिंत १८ फूट लांब, ६ फूट उंच. मंजुरी ८,००० रुपयांची. उद्या दुसऱ्या कोणी असं काही करायला घेतलं तर उपयोगी पडावं म्हणून या नोंदी ठेवते आहे, चुकांसकट.

९ फेब्रुवारी

सुरुवात नकाशाने. जगाचा भिंतीवरचा नकाशा (२५० रुपये) ४ × ६ फुटांच्या सॉफ्टबोर्डवर (१,४०० रुपये) लावला आणि लाल लोकरीने रेघा ओढायला घेतल्या. लंडनला टाचणी. १८६० साली सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल यांची शाळा सुरू झाली, तिथून सगळे धागे बाहेर. एक सिडनीला, कारण १८६८ साली ल्यूसी ऑस्बर्न पाच परिचारिका घेऊन तिथे उतरली. एक अमेरिकेला, एक जपानला, एक मुंबईला. दिसायला छान दिसत होतं.

एका मुलीने विचारलं, "मॅडम, लंडनमध्ये येणारा धागा कुठेय?" नाइटिंगेलबाई जिथे शिकल्या ते ठिकाण नकाशावर नव्हतंच. ऱ्हाइन नदीकाठी, ड्युसेलडॉर्फजवळ कायझर्सवेर्थ. १८३६ साली पाद्री थिओडोर फ्लीडनर आणि त्यांच्या पत्नी फ्रीडेरिके यांनी तिथे सेवाव्रती स्त्रियांना रुग्णसेवा शिकवणारी संस्था काढली होती. नाइटिंगेल १८५० मध्ये तिथे दोन आठवडे राहून आल्या आणि १८५१ मध्ये तीन महिने राहून शिकल्या. ज्यांना आपण या सगळ्याचं मूळ मानतो त्यांचंही शिक्षण परदेशातच झालेलं. हा एक धागा आला आणि नकाशाचा अर्थ बदलला. लंडन हे वाटेवरचं ठाणं झालं.

लोकर मात्र लोंबायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सिडनीचा धागा हिंदी महासागरात झोळीसारखा. लोकर काढून शिवणाचा जाड दोरा आणला. टाचण्या आणि दोरा मिळून १३० रुपये.

१४ फेब्रुवारी

जपानने एक दिवस खाल्ला. अमेरिकेची लिंडा रिचर्ड्स १८७३ साली बॉस्टनला शिकून बाहेर पडली, १८७७ मध्ये इंग्लंडला जाऊन सेंट थॉमसचं काम पाहून आली आणि १८८६ मध्ये क्योतोला दोशिशाच्या शाळेत परिचारिका घडवायला गेली. बॉस्टन ते क्योतो धागा आमच्या नकाशावर अटलांटिक, युरोप, सगळा आशिया ओलांडून जात होता. त्या तर पॅसिफिक ओलांडून गेल्या!

नेहमीच्या नकाशात अमेरिका डावीकडे नि जपान उजवीकडच्या टोकाला. नकाशा उभा कापून अमेरिकेचा तुकडा जपानच्या उजवीकडे चिकटवायचा ठरला. कापताना पट्टी सरकली आणि ग्रीनलंडबरोबर ब्राझीलचा कोपरा गेला. दुसरा नकाशा आणावा लागला, आणखी २५० रुपये. या वेळी आधी पेन्सिलने रेघ मारली, दोघींनी पट्टी धरली, तिसरीने कापलं. आता पॅसिफिक मधोमध आला आणि बॉस्टन–क्योतो धागा सरळ बसला.

जपानला दुसरा धागा थेट लंडनहून. ताकागी कानेहिरो हे नौदलातले डॉक्टर १८७५ ते १८८० सेंट थॉमसमध्ये वैद्यक शिकत होते. वॉर्डातल्या शिकलेल्या परिचारिका त्यांनी रोज पाहिल्या आणि परत येऊन १८८५ मध्ये टोकियोत परिचारिकांची शाळा काढली. परिचर्येचा वसा डॉक्टरच्या डोळ्यांतून गेल्याचं हे उदाहरण मुलांना फार आवडलं. त्यांच्यासाठी वेगळा, निळा दोरा.

२२ फेब्रुवारी

आजचं काम मला स्वतःला सर्वांत जवळचं. सेंट थॉमसच्या शाळेत प्रत्येक उमेदवार परिचारिकेचा मासिक तक्ता असायचा. मेट्रन मिसेस वॉर्डरोपर तो भरायच्या. एका बाजूला वागणूक: वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा, वॉर्डची व्यवस्था. दुसऱ्या बाजूला हातातलं काम: जखमा बांधणं, जळवा लावणं, एनिमा, बँडेज, बिछाना घालणं, रुग्णाचं खाणं शिजवणं, वॉर्डात हवा खेळती ठेवणं, भांड्यांची स्वच्छता, रुग्णाचं निरीक्षण.

हा तक्ता मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतला आणि शेजारी आमच्या मुलींची आजची प्रात्यक्षिकाची नोंदवही उघडून ठेवली. जळवा गेल्या, शिरेतून सलाइन आलं. पण रकाने बघा. वक्तशीरपणा आहे, नीटनेटकेपणा आहे, निरीक्षण आहे. इतक्या वर्षांपूर्वी लंडनमध्ये आखलेल्या रेघांवर आम्ही अजून बरोबरच्या खुणा करतो.

अनुवादावर तीन तास गेले. 'प्रोबेशनर'ला कोणी 'प्रशिक्षणार्थी' म्हणालं, कोणी 'शिकाऊ'. जुन्या नोकरवर्गाच्या भाषेतला 'उमेदवार' हा शब्द ठेवला, कारण त्यात पारखून घेण्याचा अर्थ आहे. वर्षभर पारख आणि मग नेमणूक, हेच तिथे चालायचं.

१ मार्च

निवृत्त अधिसेविका (आम्ही त्यांना अजून मेट्रन मॅडमच म्हणतो) भेटायला आल्या. वय ऐंशीच्या पुढे. मासिक तक्ता त्यांनी चष्मा पुसून पुसून वाचला आणि 'रुग्णाचं खाणं शिजवणं' यावर बोट ठेवलं. त्यांच्या अभ्यासक्रमात आजाऱ्याचा स्वयंपाक हा विषय होता आणि पुस्तक इंग्रजी वळणाचं. अंड्याच्या पांढऱ्या भागाचं अल्ब्युमिन वॉटर करायला त्या शिकल्या, परीक्षेत ते करून गुण मिळवले. वॉर्डात रुग्णांच्या नातेवाइकांकडून मात्र भाताची पेज करून घ्यायच्या. "पेज कशी गाळावी हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, आईने शिकवलं होतं."

दुसरी हकिगत मी लिहून घेतली. त्यांच्या एक शिक्षिका परदेशात शिकून आल्या त्या नवी पद्धत घेऊन. तोपर्यंत वॉर्डात कामवार वाटणी असायची. एकीने सगळ्यांचं तापमान घ्यायचं, दुसरीने सगळ्यांची औषधं, तिसरीने सगळ्यांच्या जखमा. बाईंनी सांगितलं, आता रुग्णवार वाटणी करायची. एका परिचारिकेकडे ठरावीक रुग्ण, त्यांचं सगळं तिनेच बघायचं. पद्धत चांगलीच होती. रुग्ण तिच्या नावाने हाक मारतो, तिला त्याची झोप, भूक, भीती कळते. पण वॉर्डात साठ रुग्ण, काही जमिनीवर, आणि पाळीला तीन परिचारिका. तीन आठवड्यांत वाटणी पुन्हा जुन्यासारखी झाली. मेट्रन मॅडमचं म्हणणं, बाई चुकल्या नाहीत, त्या परदेशातून रीत घेऊन आल्या पण त्यांना तिथली माणसांची संख्या आणता आली नाही. हे वाक्य एका फलकाच्या माथ्यावर घ्यायचं ठरलं.

९ मार्च

भिंतीसाठी नाइटिंगेलबाईंचा दिवा तयार. नऊ दिवस लागले. कागदाचा लगदा, खाली मडक्याची बैठक, चोचीसारखी पुढे आलेली तोटी, मागे कान, वरून सोनेरी रंग. रंग आणि ब्रश ३४० रुपये. शपथविधीच्या वेळी मुलींच्या हातात असतो तसाच. भिंतीच्या मधोमध ठेवायचा.

१८ मार्च

आठ फलक सनबोर्डवर छापून आले. प्रत्येक २ × ३ फूट, चौरस फुटाला ७० रुपये, एकूण ३,३६०. मजकुराची अंतिम प्रत मी एकटीने तपासली होती. हीच मोठी चूक झाली.

२१ मार्च

फलक वर्गात मांडून मुलांना सांगितलं, प्रत्येक वाक्यावर शंका घ्या. तीन फलक परत गेले.

पहिला, शपथेचा. आम्ही छापलं होतं, 'फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी परिचारिकांना दिलेली शपथ'. ती त्यांनी लिहिलेलीच नाही. अमेरिकेत डेट्रॉइटच्या हार्पर रुग्णालयातल्या फॅरंड प्रशिक्षण शाळेत लिस्ट्रा ग्रेटर यांच्या पुढाकाराने ती १८९३ साली तयार झाली आणि आदराने नाइटिंगेल यांचं नाव तिला दिलं गेलं. म्हणजे आमच्या मुली हातात दिवा घेऊन जी म्हणतात ती अमेरिकेची शपथ, इंग्लंडच्या बाईंच्या नावाने, मराठी उच्चारांत. वर्षानुवर्षं मी ती म्हणवून घेतली आहे.

दुसरा, 'पहिलं'चा फलक. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स रुग्णालयात १८६७ साली भारतीय मुलींना शिकवायला सुरुवात झाली, हे वाक्य गाइडांमधून सगळीकडे उतरलेलं. मागच्या बाकावरच्या एका मुलाने रुग्णालयाच्या स्थापनेचं वर्ष पाहिलं तर ते १८८५. वाक्य काढलं. त्याच फलकावर मद्रासच्या सरकारी रुग्णालयातली १८७१ ची शाळा होती, ती ठेवली. पण 'पहिली' हा शब्द भिंतीवरून सगळीकडून काढला. तो शब्द दिसला की वाचणारा भांडायला लागतो आणि मूळ गोष्ट बाजूला राहते.

तिसऱ्या फलकाचं फार वाईट वाटलं, कारण त्यात एकच शब्द चुकला होता. मथळा होता, 'भारतीय परिचारिकांची संघटना, १९०५'. त्या वर्षी लखनौला परिचारिका अधीक्षिकांची संघटना स्थापन झाली खरी, पण तिच्यात होत्या नऊ जणी आणि नवाच्या नऊ युरोपियन. 'भारतीय' खोडून 'भारतातल्या' केलं. या एका प्रत्ययात त्या काळाचं सगळं नेतृत्व बसलेलं आहे. १९०८ साली ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया निघाली आणि १९२२ मध्ये दोन्ही संघटना एक झाल्या, हेही त्याच फलकावर घेतलं.

फेरछपाई १,२६० रुपये. ज्यांना असं काही करायचंय त्यांनी आधी साध्या कागदावर प्रती काढून चार जणांना लाल पेन द्यावं. माझे तीन दिवस आणि हे पैसे वाचले असते.

२४ मार्च

दिवाही चुकला. नाइटिंगेलबाई तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयाच्या वॉर्डांत अरबी गोष्टींतला तोटीचा दिवा घेऊन फिरत नव्हत्या. तिथे वापरात होता तो तुर्की घडीचा कंदील, फानूस. वर-खाली धातूची चकती, मध्ये घड्यांच्या कापडाचा नळा, आत मेणबत्ती. वापरून झाला की दाबून चपटा करायचा. तोटीचा दिवा चित्रकारांनी दिला, मग बिल्ल्यांवर आला, मग आमच्या हातांत. हा शब्द आपल्या जुन्या मराठीतही भेटतो, फाणूस. लगद्याचा दिवा कपाटात ठेवला. मुलं हिरमुसली, नऊ दिवस त्यांचे होते.

३० मार्च

कंदील, खेप पहिली. मांजरपाटाची पट्टी, पारदर्शक व्हावी म्हणून वितळलेल्या मेणात बुडवून काढली आणि वाळल्यावर घड्या घातल्या. प्रत्येक घडीवर मेण तडकलं, पांढऱ्या रेघा पडल्या, पापुद्रे सुटले. आत बल्ब लावल्यावर त्या भेगाच दिसत होत्या.

४ एप्रिल

खेप दुसरी, आणि ती मेट्रन मॅडमच्या हातची. त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "मेण कशाला? खळ कर. आमच्या टोप्या कशा उभ्या राहायच्या?"

आल्या त्या साबुदाणा भिजवूनच घेऊन आल्या. शिजवून, गाळून, कोमट असताना कापड बुडवलं. पिळायचं नाही, दोन तळव्यांमध्ये धरून खाली निथळू द्यायचं. मग फरशीवर, पाठ्यपुस्तकाच्या कडेने, बोटभर रुंदीची एकेक घडी. एक घडी घातली की डाव्या हाताची करंगळी तिच्यावर ठेवायची आणि उजव्या हाताने पुढची उचलायची. करंगळी हलली की मागची घडी उघडते. त्यांच्या हाताला कंप आहे, पण करंगळी हलली नाही. बावीस घड्या झाल्यावर वर पाट ठेवला, पाटावर औषधशास्त्राची दोन जाड पुस्तकं. अर्धवट ओलं असतानाच इस्त्री. उचललं तेव्हा कापड बाजाच्या भात्यासारखं उघडत-मिटत होतं.

टोपी घालणं आता बऱ्याच ठिकाणी बंद झालंय. ती इंग्रजी रुग्णालयांतून आली होती, भगिनीसंघांच्या पेहरावातून. 'सिस्टर' हा शब्दही तिथलाच. टोपी गेली, खळीची घडी मेट्रन मॅडमच्या करंगळीत राहिली होती, ती आज चौघींच्या हातांत गेली.

कापड, पत्र्याच्या दोन चकत्या, छोटा एलईडी, वायर: ४१० रुपये.

१२ एप्रिल

भोर समितीचा आकडा कसा दाखवायचा यावर दोन दिवस घोळ. सर जोसेफ भोर यांच्या आरोग्य पाहणी समितीने १९४६ च्या अहवालात लिहिलं की भारतात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका आहे, इंग्लंडमध्ये ३०० मागे एक. तक्ता केला तर कोणी थांबून बघत नाही.

एका मुलाने ज्वारी सुचवली. १,००० दाणे मोजले, वजन ३३ ग्रॅम. म्हणजे ४३,००० दाणे सुमारे १,४१९ ग्रॅम. दीड किलो ज्वारी (७५ रुपये) आणून तेवढी तोलून एका काचेच्या बरणीत भरली, वर एक लाल गुंज. दुसऱ्या बरणीत ३०० दाणे, जेमतेम १० ग्रॅम, वर एक गुंज. बरण्या ३२० रुपये. शेजारी ठेवल्या आणि मीच थोडा वेळ बघत उभी राहिले. पहिल्या बरणीत गुंज शोधावी लागते.

ज्या देशातून पद्धत आली तिथे बरणी दुसरी होती. मेट्रन मॅडमच्या वाक्याचा फलक या बरण्यांच्या वरच लावायचा.

१९ एप्रिल

अवकाळी पाऊस. व्हरांड्यात दमट हवा शिरली आणि कंदिलाच्या घड्या बसल्या, खळ ओलावली. आतून दर तिसऱ्या घडीला बारीक तारेची कडी टाचून घेतली. पुन्हा ताठ. ज्वारीत पोरकिडे दिसले, म्हणून सगळी उन्हात वाळवून कडुलिंबाचा सुका पाला तळाशी घालून पुन्हा भरली. वजन पुन्हा करावं लागलं. दोन दुपारी गेल्या.

२७ एप्रिल

मुंबईची बाजू लावताना वाद झाला, चांगला झाला. कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झालं, स्त्रियांसाठी, स्त्री डॉक्टरांच्या हाती. एडिथ पीची या इंग्लंडहून आलेल्या डॉक्टरांनी तिथे परिचारिकांच्या शिक्षणाकडेही लक्ष दिलं. १८८८ मध्ये कॅथरीन लॉक आणि त्यांच्यासोबत नऊ परिचारिका इंग्लंडहून मुंबईला उतरल्या, पण त्या लष्करी रुग्णालयांसाठी, गोऱ्या सैनिकांच्या सेवेला. लॉक रावळपिंडीला गेल्या.

दोघींना आनंदीबाई जोशी आणि रखमाबाई भिंतीवर हव्या होत्या. एक फिलाडेल्फियाला शिकली, १८८६ मध्ये पदवी घेतली, दुसरी लंडनला. दोघी आपल्या, दोघी परदेशी शिकलेल्या. मी नाही म्हटलं. त्या डॉक्टर होत्या. परिचर्येच्या भिंतीवर डॉक्टरांची नावं आली की नजर तिकडेच जाते आणि आमच्या बायका पुन्हा मागे राहतात. एक मुलगी अजूनही नाराज आहे.

त्यांच्याऐवजी जागा मिळाली ती पुण्याच्या सेवासदनाला. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये, गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने, रानडे वाड्यात काम सुरू केलं आणि तिथल्या स्त्रियांना परिचर्या शिकायला ससून रुग्णालयात पाठवलं. तोपर्यंत हे काम ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, पारशी बायकांचं मानलं जायचं. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची, हे वरच्या जातीच्या घरांना पचणारं नव्हतं. विधवा होऊन आलेल्या बाईने ते शिकावं यासाठी रमाबाईंना लोकांचं बरंच ऐकून घ्यावं लागलं. परदेशातून आलेली विद्या मराठी घराच्या उंबऱ्याआत न्यायला असं कोणीतरी लागलं, म्हणून त्या विद्येचा धागा नकाशावर लंडनपासून ससूनपर्यंत आणि तिथून एक वीतभर धागा सदाशिव पेठेपर्यंत ओढला. सगळ्यांत आखूड धागा, पण सर्वांत जास्त प्रश्न त्याच्यावरच विचारले जातील असं मला वाटतं.

आता काशीबाई. १८९१ साली मुंबईत परिचर्या शिकायला आलेल्या भारतीय बाई म्हणून बाई काशीबाई गणपत हे नाव आमच्या क्रमिक पुस्तकांत एका ओळीत येतं. फोटो नाही. एका विद्यार्थ्याने मोबाइलवर संगणकाकडून चित्र करून आणलं, नऊवारी, कपाळाला कुंकू, हातात दिवा, तोही तोटीचा. चित्र देखणं होतं. मी लावू दिलं नाही. तो चेहरा काशीबाईंचा नाही, आणि एकदा भिंतीवर लागला की पुढच्या वर्षी तोच खरा म्हणून छापला जाईल. त्याऐवजी ३ × १ फुटांची पट्टी छापली, २१० रुपये. पट्टीवर फक्त नाव आणि साल, भिंतीवरचं सर्वांत मोठं अक्षर.

३० एप्रिल

शेवटचा फलक, खुर्चीचा. १९०९ मध्ये वेल्लोरला डेलिया हॉटन आल्या, अमेरिकेहून. १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर इथे परिचर्येची पदवी सुरू झाली तेव्हा वेल्लोरला व्हेरा पिटमन होत्या. दिल्लीच्या महाविद्यालयाला त्याच सुरुवातीच्या काळात अमेरिकेच्या मार्गारेटा क्रेग या प्राचार्या लाभल्या. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारच्या परिचर्या सल्लागारपदी टी. के. अद्रनवाला आल्या. लखनौच्या नऊजणींपासून इथपर्यंत चाळीसहून अधिक वर्षं. १९६४ मध्ये मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघालं, म्हणजे मराठी मुलीला पदवीसाठी दिल्ली-वेल्लोर गाठायची गरज उरली नाही.

या फलकाखाली आपल्याकडची पदनामं लिहिली: अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका, पाठ्यनिर्देशिका. शब्द मराठी, उतरंड सेंट थॉमसची. नाइटिंगेल यांचा आग्रहच होता की परिचारिकांवर अधिकार मेट्रनचा असावा, ती परिचर्येतलीच असावी, कारकुनाने किंवा डॉक्टरने हुकूम सोडू नयेत. परदेशातून आलेल्या सगळ्या सामानात मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आणि तीच सगळ्यांत उशिरा आपल्या हाती आली.

५ मे

फलक भिंतीवर लावले. डबल टेपने चिकटवलेले दोन फलक रात्रीत पडले, एकाचा कोपरा दुमडला. भिंतीला चुना आहे, टेप धरत नाही. खिळे आणि तार वापरली.

१२ मे

सकाळी शपथ झाली. म्हणवून घेण्याआधी मी ती कुठे, कोणी, कधी लिहिली हे सांगितलं. मुलींच्या हातांत नेहमीचे दिवे होते, फानूस भिंतीपाशी पेटवला.

ज्वारीच्या बरणीपाशी सगळ्यांत जास्त गर्दी. वॉर्डातल्या दोन परिसेविका पाळी संपवून आल्या, रुग्णवार वाटणीचा फलक वाचून म्हणाल्या, "आमच्याकडे अजून हेच आहे." मेट्रन मॅडम कंदिलापाशी खुर्ची टाकून बसल्या आणि येईल त्याला घडी उघडून-मिटून दाखवत राहिल्या. दुपारपर्यंत चार घड्या फाटल्या. दाखवण्याच्या वस्तूचे दोन नग करावेत, एक हात लावायला.

चूक एक राहिलीच. नकाशावर सिडनीची टाचणी मेलबर्नला लागली होती. पहिल्या वर्षाच्या मुलीने दाखवली.

१६ मे

भिंत उतरवली. हिशेब: एकूण ८,१५५ रुपये, मंजुरीपेक्षा १५५ जास्त, ते मी भरले. त्यातले १,८५० केवळ चुकांचे (फेरछपाई, दुसरा नकाशा, लगद्याचा दिवा). फलक ग्रंथालयाच्या पोटमाळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून. ज्वारी पक्ष्यांना घातली, बरण्या आणि गुंजा ठेवल्या. लगद्याचा दिवाही ठेवलाय, पुढच्या खेपेला फानूसच्या शेजारी मांडता येईल. नाराज मुलीला पुढच्या वर्षीच्या यादीचं काम दिलं आहे.

काशीबाईंची पट्टी प्राचार्यांच्या परवानगीने प्रात्यक्षिक कक्षाच्या दारावर कायमची लावतो आहोत. सुतार आज येऊन स्क्रू मारून गेला, १५० रुपये, वरच्या हिशेबात धरले आहेत.